इंजिनातली अक्षत

बहिणीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. ‘मी येऊन तुझ्याकडे राहू का?’ असं प्रतिमानं कऱ्हाडहून विचारलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘तोंडावर नाही म्हणणं तुला जड जाईल, म्हणून पत्रानं विचारते. नाही असेल तर उत्तर पाठवू नकोस. मी समजेन.’

प्रल्हादरावांचं उत्तर हो होतं. ते लिहून होईना, एवढंच. तिला थंडी सोसेल का, दिवसभर ती करील काय, आपल्यासारख्या मुखदुर्बळ माणसाचा तिला वीट आला तर? एकेका शंकेला एकेक पान. फोनवर दोघंही हवापाण्याचं बोलत. गेल्या रविवारी मात्र ती सहज म्हणाली, “इथल्या वृद्धाश्रमात खोली रिकामी होतेय, दादा. नाव घातलंय. महिनाअखेरीला जाईन.” ते “बरं” म्हणाले. मग आठवडाभर बसून त्यांनी चार पानं पुरी केली.

आज शनिवार होता, दोन हजार चारच्या जानेवारीतला. मिशिगनच्या उत्तर टोकाचे रस्ते तीन दिवस बर्फाखाली होते. पोस्ट गोठलेल्या तळ्यापलीकडे, ते बाराला बंद व्हायचं. जायचं तर बर्फावरून धावणाऱ्या स्नोमोबिलवरूनच, आणि ती ऐन वेळी रुसली होती. सुरू व्हायची, जागच्या जागी गुरगुरायची, पण वेग द्यायला थ्रॉटल दाबला की खोकायची, काळा धूर सोडायची आणि मान टाकायची.

कागदाच्या गिरणीत तीस वर्षं यंत्रं सांभाळलेला माणूस. त्यांनी प्लग काढून पाहिले. ओले, काळे. नवे घातले. कार्बुरेटर उघडून धुतला. पुन्हा तेच. गॅरेजच्या खिडकीवर बर्फ चढला होता आणि त्यातून निळा उजेड झिरपत होता. तळ्याच्या तळाशी बसून काम करावं तसं त्यांना वाटत होतं.

शेजारच्या डॉक्टर रेखाबाई बर्फ तुडवत आल्या. मूळच्या नागपूरच्या, सगळी नोकरी ऑपरेशनच्या टेबलाशी भूल देण्यात गेलेली.

“सकाळपासून ऐकून राहिले मी,” त्या म्हणाल्या. “कोणाचा जीव घेताय?”

“पेट्रोल जास्त जातंय.”

“मग सोमवारी जा ना पोस्टात. रस्ता मोकळा होईल.”

“सोमवारपर्यंत पत्र घरात राहिलं तर मी ते पुन्हा लिहीन,” प्रल्हादराव म्हणाले. हे बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं.

रेखाबाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग टोपी काढून कान इंजिनाशी नेला. “सुरू करा. आता दाबा. बस, बंद करा. पेट्रोल जास्त नाही हो, हवा कमी पडतेय. आमच्यात आधी श्वासाची वाट मोकळी आहे का, ते बघतात. तुम्ही बघितली?”

त्यांनी बघितली नव्हती. हवा काय, असतेच, असं ते धरून चालले होते.

हवा आत घेणाऱ्या डब्याचं झाकण त्यांनी उघडलं. आत वाळकं गवत, थंडी अडवायला भिंतीत भरलेला पिवळा कापूस, त्यांच्याच मोज्याची लोकर. त्या मऊ गोळ्यात एक उंदरीण, पोटाशी बोटाच्या पेराएवढी तीन गुलाबी पिल्लं. ती पळाली नाही. आजूबाजूला हळदीनं पिवळे झालेले तांदळाचे दाणे पडले होते.

“हे तांदूळ कुठले?”

“दसऱ्याचे,” प्रल्हादराव ओशाळून म्हणाले. “यंत्राची पूजा करतो मी दर वर्षी. फटीतून आत गेले असतील.”

“म्हणजे अक्षत देऊन बोलावलंत की तुम्ही तिला,” रेखाबाई हसल्या. “आली बिचारी. तिनं थंडीचा विचार नाही केला.”

प्रल्हादरावांनी एक पिवळा दाणा उचलून तळहातावर घेतला. रेखाबाईंनी बुटांचा एक रिकामा खोका ओढला.

“खाली घालायला कागद द्या काहीतरी.”

त्यांनी कोटाच्या खिशातून प्रतिमाचा पत्ता घातलेलं पाकीट काढलं. ते चिकटवलेलं नव्हतंच. चारही पानं बाहेर काढून ते त्यांच्या बारीक पट्ट्या फाडू लागले.

“अहो, पत्र ना ते?”

“खर्डा आहे,” प्रल्हादराव म्हणाले.

घरट्यासकट उंदरीण खोक्यात गेली, खोका उबेला बॉयलरशेजारी. डबा झटकून बसवला. या वेळी थ्रॉटल दाबला तेव्हा इंजिन एकदाही खोकलं नाही.

तळ्यावरून जाताना काठ नव्हता, आभाळ नव्हतं. सगळं एकाच पांढऱ्यात विरघळलं होतं. आपण पुढे जातोय की पलीकडचं गाव आपल्याकडे येतंय, हे त्यांना कळत नव्हतं, आणि कळायला हवं असंही वाटत नव्हतं.

पोस्टातल्या बाईनं कोट चढवला होता. बाराला चार मिनिटं होती. त्यांनी कोरा कागद मागितला. तिनं एक पाठकोरा फॉर्म दिला. काउंटरच्या साखळीला बांधलेल्या पेनानं त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं, ‘प्रतिमा, उशीर झाला. वृद्धाश्रमातलं नाव काढ. इकडे ये. – दादा.’ थंडीबद्दल एक ओळ घालावी म्हणून पेन पुन्हा टेकलं. बाईनं किल्ल्या हातात घेतल्या. त्यांनी कागदाची घडी घातली, त्याच पाकिटात घातली, पाकिटाची कड जिभेनं ओली करून दाबली, तिकिटं लावली.

भिंतीतल्या फटीतून त्यांनी पाकीट आत सोडलं आणि कान देऊन ऐकलं. ते पडल्याचा आवाज आला नाही. खाली दुसऱ्यांची पत्रं असावीत.