न झालेली तिसरी

"माझ्या पोरीचं एक वर्ष तुम्ही खाल्लंत."

ग्रासिएला हेडमास्तरांच्या टेबलासमोर उभी होती. खुर्ची पुढे सरकवली तरी बसली नाही. मागे मारिसेला, वय सोळा, बारावीला. लहानपणी तिला दुसरीतून थेट चौथीत घातलं होतं. टेक्सासच्या त्या गावात शाळा एकच, प्रत्येक इयत्तेला वर्ग एकच, आणि हेडमास्तर तेव्हाही हेच. काल विद्यापीठाने तिला नाही म्हटलं. गुण उत्तम, पण वयाने लहान, बरोबरीच्यांत कच्ची पडेल.

"तेव्हा आमच्या घरी येऊन टमाले चापलेत. म्हणालात, बाई, ही वयापेक्षा मोठी आहे. आता वयापेक्षा लहान कशी झाली? पोर उलटी वाढते काय?"

हेडमास्तर हसले. खुर्चीबरोबर मिळतं ते हसू. "विद्यापीठापुढे मी काय करणार, बाई? राहू दे एक वर्ष घरी. दुकानात काम करील, थोडी घट्ट होईल. वर्षाने काही बिघडत नाही."

"कुणाचं बिघडत नाही?"

"आमच्या मुलाचं, वेलनचंच बघा. तिसरी पास झाला होता, तरी मी पुन्हा तिसरीतच बसवला. फुटबॉलला हाड पक्कं लागतं. आज अकरावीत आहे आणि कॉलेजवाले संघात घ्यायला आत्तापासून दार ठोठावतायत."

"वा. तुमचा वर्षाने थोराड, तो दणकट. माझी वर्षाने लहान, ती कच्ची."

"भांडायला आल्या असाल तर दार तिकडे आहे."

ग्रासिएला वळली. मारिसेला जागची हलली नाही. वरच्या वर्गातल्या मुलींनी तिला कधी जेवणाच्या टेबलावर शेजारी बसू दिलं नव्हतं. वाढदिवसाला कुणी बोलावलं नव्हतं. ते सगळं तिने एका शब्दावर गिळलं होतं. हुशार. म्हणून तर वर घातलं.

"सर, माझ्या भावाच्या तिसरीत यंदा तेविसावं मूल आलं. तर लगेच दुसऱ्या बाई नेमाव्या लागल्या."

"नियमच आहे. एका बाईकडे बावीसच मुलं. त्याचं काय?"

"आमच्या दुसरीत आम्ही बावीस होतो. सगळे पास. तिसरीत गेलो असतो तरी बावीसच."

"मग?"

"मग तुमचा वेलन वरून खाली आला. त्याच वर्षी मी खालून वर गेले."

हेडमास्तरांचं हसू गेलं. ग्रासिएलाने दाराची मूठ सोडली.

"एवढंच सांगा, सर. मी हुशार होते, की तुम्हाला एक बाक रिकामा हवा होता?"