अकरा डिग्री

फ्रीजरमधले मटार मऊ पडले आणि फरशीवर पाणी साचलं, तेव्हा विशाखाने नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या घरी मेकॅनिक बोलावला. दाराचं रबर, कॉम्प्रेसर, सगळं तपासून झाल्यावर त्याने भिंतीवरच्या थर्मामीटरवरचं तापमान वाचलं.

"फ्रीज ठणठणीत आहे. तुमचं स्वयंपाकघरच अकरा डिग्रीवर आहे. खोली एवढी गार असली की फ्रीजला वाटतं आपलं काम झालं, आणि तो चालूच होत नाही. मग फ्रीजरमधलं वितळतं. हीटिंग कधीपासून बंद आहे?"

विशाखा आठवू लागली. हीटिंग रोज सकाळी तिचा नवरा लावायचा, जयप्रकाश. पुण्यात त्याचे दिवस करून ती एकटी परतली, त्याला महिना झाला होता.

 

महिनाभरात तिला एकदाही थंडी वाजली नव्हती.