फेरूलचा पहिला अर्थ

"फेरूल चोक झालंय. काढून साफ केलं की येईल पाणी," प्लंबर दारातूनच म्हणाला आणि जिना उतरून गेला.

संपादकबाईंची पेन्सिल थांबली. त्यांच्या इंग्रजी-मराठी कोशाची 'एफ' अक्षराची पानं पाच वाजता छापखान्यात जायची होती. चार वाजून गेले होते.

"अगं, 'फेरूल'ला आपण काय दिलंय?"

मुद्रितं तपासणाऱ्या सहायिकेने पान शोधून वाचलं, "काठीच्या किंवा छत्रीच्या टोकाला बसवलेली धातूची टोपी."

"मग आपल्या नळात छत्री कुठून शिरली?"

सहायिकेचं हसू ओसरायच्या आत बाई उठल्या. वय एक्क्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले आणि उतरायचे तीन मजले.

"अहो बाई, मी विचारून येते ना!"

"तू विचारशील गं. पण बघायला मलाच हवं." कठडा धरून एकेक पायरी उतरत त्या खाली पोचल्या. 'फेरूल'चं पान घेऊन सहायिकाही मागोमाग आली.

फाटकाबाहेरच्या खड्ड्यात प्लंबर कमरेएवढा उतरला होता. बाईंनी काठावरच बसकण मारली. त्याने अंगठ्याएवढा पितळी तुकडा वर धरला.

"हे बघा, आजी. रस्त्याखालच्या मोठ्या लाइनला भोक पाडून हे आट्यांवर फिरवून बसवतात. तुमच्या घरचं पाणी इथून सुरू होतं."

"आणखी कशाला म्हणतात फेरूल?"

"वायरमन वायरीच्या टोकावर नळी दाबून बसवतो, तेही फेरूल. रंगाच्या ब्रशात केस आवळून धरणारा पत्रा असतो, तेही. आवळून धरायचं काम आलं की झालं."

बाईंनी हातातली पेन्सिल डोळ्यांजवळ नेली. मागच्या टोकाला खोडरबर धरून बसलेलं पत्र्याचं कडं होतं.

"मग हेसुद्धा?"

"हेसुद्धा!" प्लंबर हसला.

पस्तीस वर्षं त्या टोकाने त्यांनी शब्द खोडले होते. कड्याचं नाव आज कळलं. सहायिकेकडून पान घेऊन, ते मांडीवर ठेवून त्या भराभरा लिहू लागल्या.

"बाई, तीन ओळी वाढतायत. पान फुटेल," सहायिका म्हणाली.

"वरच्या 'फेरेट'च्या नोंदीतलं त्या प्राण्याचं वर्णन काढ."

"ते तर तुम्ही आठवडाभर बसून लिहिलं होतं!"

"चपळ जनावर आहे. दुसरीकडे बीळ शोधेल." त्यांनी स्वतःच काट मारली आणि प्लंबरला वाचून दाखवलं, "मोठ्या जलवाहिनीतून घराला पाणी सोडणारी..."

"सोडणारी नाही, आजी. सोडतो तो व्हॉल्व्ह. हे घेतं."

बाईंनी 'सोडणारी' खोडलं.

"आणि मराठी शब्द कुठला द्यायचा?" सहायिकेने विचारलं.

"फेरूल. नपुंसकलिंगी."

"पण तो इंग्रजीच आहे ना?"

"होता. हे बघ, किती खोल उतरलाय तो."

मग त्या खड्ड्याकडे वाकल्या. "सगळं एकदा ऐकता का? चूक राहायला नको."

प्लंबरने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि परीक्षेला बसल्यासारखा ताठ उभा राहिला. सहायिकेने वाचलं: एक, काठी-छत्रीची टोपी. दोन, वायरीची नळी. तीन, ब्रशचं आणि पेन्सिलीचं कडं. चार, पाणी घेणारं पितळी तोंड.

त्याने चारही अर्थ बोटांवर मोजले.

"सगळं बरोबर आहे," तो म्हणाला. "फक्त पाणी शेवटी का?"

बाईंनी चारचा आकडा खोडला आणि तिथे एक लिहिला.