तलवारीवरची खूण

“खूण दिसली का?” ताश्तेमिर बाबांनी दारातूनच विचारलं.

बुरुलाईने नेहमीसारखी नकारार्थी मान हलवली. ओश शहरातल्या संग्रहालयात गंजलेलं लोखंड जगवायचं काम ती एकटीच करायची. ही तलवार बातकेनच्या या म्हाताऱ्या बाबांना त्यांच्या जर्दाळूच्या बागेत रोपासाठी खड्डा खणताना सापडली होती. सत्तरीत कसली रोपं लावता, म्हणून ती त्यांना चिडवायचीही.

पाच महिने तलवार सोड्याच्या पाण्यात होती. गंजातलं मीठ उतरेपर्यंत पाणी बदलत राहायचं. घाई केली तर पुढे पात्याचे पापुद्रे सुटतात. बाबा दर महिन्याला बातकेनहून बसने यायचे, तिच्यासाठी सुके जर्दाळू आणायचे आणि एकच विचारायचे. पात्यावर कुळाची खूण असते, ती कुणाची?

ते का विचारतात, हे तिला ठाऊक होतं. बासष्ट वर्षांपूर्वी सरकारने घरोघरची शस्त्रं जमा करायला लावली होती. तलवार लपवली म्हणून बाबांच्या वडिलांना धरून नेलं, ते परतलेच नाहीत. ‘जमा केली’ असं ते शेवटपर्यंत शपथेवर सांगत होते. गावाने त्यांना खोटारडं ठरवलं. बाबांच्या आईनेसुद्धा.

आता तलवार त्यांच्याच बागेत निघाली होती. खूणही त्यांच्याच कुळाची निघाली, तर गाव खरं ठरणार होतं.

बाबा पुन्हा आले त्या मंगळवारी पाण्यात मीठ निघेनासं झालं. बुरुलाईने पातं वाळवलं आणि भिंगाखाली सुईने गंज टोकरायला घेतला. मुठीजवळ चांदीची तार चमकली. दोन शिंगं, खाली ठिपका. बाबांच्या अंगठीवर हीच खूण होती.

तिला फार वाईट वाटलं. नोंदवहीत तिने खरं तेच लिहिलं. पण बाहेर बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याला ते सांगायला तिची जीभ रेटेना.

“खूण सापडली, बाबा,” ती म्हणाली. “तुमच्या कुळाची नाही. भलत्याच कुणाची तरी आहे. तुमचे वडील खरं बोलत होते.”

बाबांनी बोटातली अंगठी फिरवली.

“ते खरंच बोलत होते,” ते म्हणाले. “जमा करून ये म्हणून त्यांनी तलवार माझ्या हाती दिली. आठ वर्षांचा होतो. मी ती आमच्याच बागेत जर्दाळूखाली पुरली आणि घरी सांगितलं, जमा केली. मी पुरलेली ती मग कुठे गेली, पोरी?”