तात्यांचा माइक

टोपाच्या कडेखाली, कपाळाच्या मधोमध मी माइक चिकटवत होते. तात्या डोळे मिटून बसले होते. "लाव, पण बंद ठेव," संगीत नाटकाच्या प्रत्येक प्रयोगाआधी ते हेच बजावत. पन्नास वर्षं नुसत्या गळ्यावर शेवटची रांग जिंकलेला माणूस! आता आवाज थकलाय, हे त्यांना सांगणार कोण? मी "हो" म्हणायचे आणि पहिल्या पदालाच त्यांचा माइक हळूच वाढवायचे. सहा वर्षं हे त्यांच्या नकळत चाललं होतं.

आज त्यांचा शेवटचा प्रयोग होता. दुसरी घंटा झाली तसे ते उठले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, आज मात्र खरंच बंद ठेव."

माझ्या हातातली चिकटपट्टी तशीच राहिली.

पद सुरू झालं. मिक्सरवरचा हात मी मांडीखाली दाबून धरला. आवाज जेमतेम पाचव्या रांगेपर्यंत जात होता. मागची माणसं एकेक करून उठू लागली. निघाली, असं वाटून मी मान खाली घातली.

वर पाहिलं, तर ती सगळी पुढे येऊन मधल्या वाटेत मांडी घालून बसली होती.