नवसाचा कोंबडा

"वाकड्या मानेचा कोंबडा देव घेत नाही, बाई." कधीकाळी ऐकलेला सासूचा तो आवाज जमुनाबाईच्या कानातून जाईना. तिचा योगराज तापातून उठला, आणि त्याच्या नावानं नवसलेल्या कोंबड्याचीच मान पिळवटली.

तीन दिवस तिनं त्याला मांडीवर घेतलं, तेल चोळलं, मान हातानं सरळ धरून भाताची शितं भरवली.

"पोरालेबी इतकं भरवली नाहीस!" नवरा खेमराज हसायचा.

आज सकाळी तिनं हात सोडला, तरी मान सरळच राहिली. कोंबड्यानं आपण होऊन दाणा टिपला.

"योगू, पाह्य ना रे!"

गळ्याला दुपट्टा गुंडाळून योगराज अंगणात पाठमोरा बसला होता. चेहरा मात्र तिच्याकडेच होता.

"माय, तुले सांगितलो नाही," तो म्हणाला. "तू त्याची सरळ करून राहिली, तशी माही फिरून राहिली."