फोटोच्या पाठीवरचं नाव

“ब्रश लावलेला फोटो बाद! भिंतीवर लिहिलंय. वाचता येत असेल तर वाचा,” असं म्हणत चिमाजीनं तळेगावच्या फोटोग्राफरच्या कोटाला पिवळी फीत टोचली आणि त्याला आत पिटाळलं.

छप्पन्न सालचा मे महिना होता. चिंचवडच्या शाळेत जिल्ह्यातल्या फोटोग्राफरांच्या संघाचं अधिवेशन भरलं होतं आणि चिमाजी स्वयंसेवक म्हणून सकाळपासून राबत होता. दारावर तोच, हारांच्या तबकापाशी तोच, प्रदर्शनाच्या खोलीतही तोच. लोक म्हणत, काय हा सेवाभाव!

सेवाभाव कसला डोंबलाचा! पिंपरीत नवा कारखाना उभा राहत होता. हजार कामगारांच्या पासांचे फोटो काढायचे होते, आणि संध्याकाळी मॅनेजरसाहेब येऊन ते काम अधिवेशनातल्या फोटोंच्या स्पर्धेतल्या पहिल्या नंबराला देणार होते. चिमाजीच्या स्टुडिओत गेल्या महिन्यात दोन माणसं आली होती, त्यातलं एक पत्ता विचारायला. हे काम हुकलं तर स्टुडिओला कुलूपच लावायचं होतं.

आणि स्पर्धा कुणाशी, तर या असल्यांशी! सगळे एका माळेचे मणी. कुणी पडद्यावर रंगवलेल्या मोटारीत नवरानवरी बसवायचा, कुणी काळ्या नवरीला ब्रशनं गोरी करायचा. चिमाजीला त्यांची किळस यायची. ब्रशचा नियम त्यानंच कमिटीच्या गळी उतरवला होता.

सगळ्यात शेवटी चाकणचा इकबाल आला. बाजारात लिंबाखाली तिपाईवर कॅमेरा मांडून बसणारा. काखेत कागदात गुंडाळलेला फोटो, पायात टायरच्या चपला.

“तू पण का रे?” चिमाजी हसला. “बाजार बंद आहे वाटतं आज?”

“माझी एक गिऱ्हाईक हाय, रतनबाई, ती मागंच लागली, चिमाजीराव. म्हन्ली, आमच्या म्हाताऱ्याला चार लोकांत मांड.”

“मांड बाबा. माणसांत बसायची हौस प्रत्येकालाच असते.”

“पर या फोटुचं जरा सांगायचं व्हतं...”

“फोटोनं बोलावं, फोटोग्राफरनं नाही. चल, आत हो. चहा मिळेल.”

इकबाल काखेतला फोटो सावरत आत गेला.

दुपारी सगळे पंगतीला बसले तेव्हा चिमाजी प्रदर्शनाच्या खोलीत एकटा होता. प्रत्येक फोटोच्या पाठीवर नावाची चिठ्ठी डकवायचं काम त्याचंच. परीक्षकांना नाव दिसू नये म्हणून चिठ्ठी मागं. एकेक फोटो उचलायचा, नाक मुरडायचं आणि चिकटवायचं, असं चाललं होतं.

मग त्यानं इकबालचा फोटो उलगडला आणि त्याचा हात थांबला.

एक म्हातारा शेतकरी तक्क्याला टेकून बसला होता. नवं पागोटं, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला सदरा, आणि डोळे थेट समोर. इकबालच्या त्या खटारा कॅमेऱ्याचं झाकण हातानं काढून पाच आकडे मोजावे लागत. तेवढ्यात गिऱ्हाईक एकदा तरी हलतंच. हा म्हातारा तसूभर हलला नव्हता. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. अशी शांत नजर चिमाजीला उभ्या जन्मात पकडता आली नव्हती.

त्यानं स्वतःचा फोटो शेजारी ठेवला. भाजीवाली ठकुबाई गिऱ्हाइकावर खेकसत होती आणि तिचा उगारलेला हात हलून धूसर झाला होता. काल हाच फोटो त्याला झकास वाटला होता. आज म्हाताऱ्याशेजारी तो पार फिका पडला. छ्या! माकडाच्या हाती माणिक लागलं, आणि आपण काय घेऊन बसलो?

पण माकडाला माणकाची किंमत कुठं असते? इकबालला पासाचे हजार फोटो झेपणार होते थोडेच! ते काम त्याला देणं म्हणजे कारखान्याचंही नुकसान. चिमाजीनं मनाची अशी समजूत घातली, म्हाताऱ्याच्या पाठीवर स्वतःची चिठ्ठी डकवली आणि ठकुबाईच्या पाठीवर इकबालची. मग हात धुऊन तो पंगतीला गेला आणि दोन जिलब्या जास्तच खाल्ल्या.

संध्याकाळी मॅनेजरसाहेब खुर्चीत बसले. चिमाजी हारांचं तबक घेऊन मंचाच्या कडेला उभा राहिला. पुण्याहून आलेले परीक्षक मारुतराव काठी टेकत उठले आणि त्यांनी म्हाताऱ्याचा फोटो उचलला. चिमाजीची छाती फुगली.

“पन्नास वर्षं या धंद्यात आहे,” मारुतराव म्हणाले, “पण इतका सफाईचा ब्रश मी पाहिला नाही. हा माणूस मेलेला आहे, मंडळी. मयताला तक्क्याला टेकवून फोटो घेतलाय आणि मिटल्या पापण्यांवर निगेटिव्हमध्ये डोळे काढलेत. घरच्यांसाठी हे पुण्यकर्म आहे, स्पर्धेत मात्र लबाडी. बाद!” त्यांनी फोटो उलटा केला. “चिमाजी, चिंचवड. ब्रशचा नियम यांनीच केला ना हो?”

सभा खदखदून हसली. तळेगावकर तर बाकावर लोळायचाच राहिला.

“आणि हा पहिला नंबर.” मारुतरावांनी ठकुबाईला उंच धरलं. “बाईचा हात हललाय, म्हणूनच बाई जिवंत आहे. मला तर शिवी ऐकू आली.” त्यांनी मागची चिठ्ठी वाचली. “इकबाल, चाकण.”

टाळ्यांच्या कडकडाटात इकबाल चपला काढून मंचावर चढला. त्यानं ठकुबाईकडे पाहिलं, बाद झालेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि मग सावकाश चिमाजीकडे पाहिलं. चिमाजीनं तबकातला हार उचलून त्याच्या गळ्यात घातला. खरं सांगावं तर स्वतःचीच चोरी उघडी!

मॅनेजरसाहेबांनी कामाचा कागद पुढं केला. “फोटो तुमचाच ना?”

“म्हंजे काय, सायेब!” इकबालनं कागद घेतला. “चिमाजीरावांनी सोताच्या हातानं नाव लावलंय.”